पडीत

आमच्या शाळेत पीटीचे एक सर होते. ते इमारतींची हजेरी घेत असत.

हे वाक्य जसं आहे तसंच घ्या, त्यात अलंकार नाही. मागच्या महिन्यात व्हिडिओवर बोलताना माझ्या मागच्या कपाटात लाल पाठीची एक लांबट वही तुम्हाला दिसली आणि धाकटीने विचारलं, "आजी, ते काय आहे?" ते शाळेचं हजेरीपुस्तक आहे. त्यात मुलांची नावं नाहीत. पवनीचा परकोट, आंबागडचा बुरूज, कारध्याचा जुना पूल, करडीकडची दगडी विहीर अशी नावं आहेत आणि प्रत्येकासमोर रविवारमागून रविवार निळ्या शाईच्या खुणा आहेत. थोरल्याने सुचवलं की ही गोष्ट इंग्रजीत लिही, म्हणजे आम्हाला भरभर वाचता येईल. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा त्याचं म्हणणं रास्तच आहे. तरी मी मराठीत लिहिते आहे. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. अडलं तर आईला विचारा.

सर बुटके होते आणि ताठ होते. पांढरे कॅनव्हासचे बूट रोज खडूने पांढरे करत. गळ्यात शिट्टी असे, ती लग्नाच्या पंगतीतही काढत नसत. एकदा एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात वाढपी ओळ चुकवून पुढे गेला, तेव्हा सरांनी खरोखर शिट्टी वाजवली. सगळी पंगत पोळीचा घास हातात धरून थांबली. सर वाढप्याला म्हणाले, "मागं या. ही लाइन सुटली."

बोलणं इथलंच, भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीचं. शाळेत राहून ते बदललं नाही. मी नागपूरच्या मिशनच्या शाळेत शिकून इथे सून म्हणून आलेली. सुरुवातीला त्यांचं 'मले', 'काहून', 'जाऊन राहिलो' ऐकून मनातल्या मनात लाल पेन्सिल चालवायची. ते मला फार मान देत. "मॅडमचं इंग्रजी म्हणजे रेघ मारल्यावानी," असं सगळ्यांना सांगत. त्यांच्या लेखी सरळ रेघेपेक्षा मोठी गोष्ट नव्हती.

दर रविवारी सकाळी ते सायकलला लांब उडी मोजायचा टेप आणि मैदानावर रेषा आखायच्या चुन्याची पिशवी अडकवून निघत. वैनगंगेच्या खोऱ्यात जे काही जुनं, दगडाचं, माणसाने उभं केलेलं आहे ते त्यांच्या पटावर होतं. रविवार वाटून घेतले होते. एका रविवारी नदीच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या रविवारी खालच्या. तिथे पोचल्यावर आधी इमारतीभोवती चुन्याची रेघ मारायची. मग समोर उभं राहून मोठ्याने नाव घ्यायचं आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचे.

मी एकदा तुमच्या आजोबांबरोबर स्कूटरवर पवनीला गेले होते. परकोटाच्या दरवाज्यासमोर सर उभे होते. त्यांनी हाक मारली, "पवनीचा परकोट!" आम्ही मागे थांबलो. दहा आकडे होईपर्यंत काहीच झालं नाही. मग कमानीतून एक कबूतर फडफडत उडालं.

"केला हात वर," असं म्हणून सरांनी वहीत 'ह' लिहिला. हजर.

तुमच्या आजोबांनी हसू दाबत विचारलं, "सर, कबूतर नसतं उडालं तर?"

"तर मी आत जाऊन पाहतो जी. कधी कधी पोट्टा झोपून राहते."

चुन्याच्या रेघेमागे हिशेब होता. पुढच्या खेपेला एखादा दगड रेघेबाहेर पडलेला दिसला, की तो वर्गातून पळालेला पोरगा. सर त्याला दोन्ही हातांनी उचलून रेघेच्या आत आणून ठेवत. ढासळलेलं परत बांधावं, डागडुजी करावी, असं त्यांनी कधी केलं नाही. "ते माह्यं काम नोय. मी पीटीचा मास्तर. गणती माह्याकडं," म्हणत.

वहीत तीन खुणा असत. 'ह' म्हणजे हजर. 'गै' म्हणजे गैरहजर, ढासळून किंवा उपटून नेऊन संपलेलं. आणि 'प'. शिक्षकांच्या खोलीत मी एकदा सहज विचारलं की हा 'प' कसला, हजेरीत तर असा शेरा नसतो.

"पडीत," सर म्हणाले.

"म्हणजे पडकं?"

"नाही जी. पडकं वेगळं, पडीत वेगळं." ते मुरमुरे खात होते. मुठीतले मुरमुरे परत कागदात ठेवून ते सांगायला लागले, "माह्या बापाच्या चार बांध्या होत्या धानाच्या. त्यातली एक तो आळीपाळीनं पडीत ठेवे. लोकाले वाटे मेली जमीन. ते मेली नसते, मॅडम. आराम करून राहिली असते. पडीत बांधी पुढच्या साली जे धान देते, ते बाकीच्या तिघी मिळून देत नाहीत. तसंच आहे हे. ज्याचं काम आत्ता नाही, पण येईल, त्याले मी 'प' देतो."

मी हसले. मला ते गोड वाटलं. पुढच्या तासाची घंटा झाली आणि मी नववीच्या वर्गावर गेले. त्यांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं, ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा.

भंडाऱ्याचा जिल्हा तुटला आणि गोंदिया वेगळा झाला, तेव्हा लोकांना कचेऱ्या आणि बदल्यांची काळजी होती. सरांना पटाची. त्यांच्या वहीतली कितीतरी नावं एका दिवसात दुसऱ्या जिल्ह्यात गेली. त्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्याचे कोरे छापील कागद मागून घेतले, प्रत्येक इमारतीच्या नावाने एकेक दाखला भरला आणि उन्हाळ्याच्या सुटीभर एस.टी.ने हिंडून तो ज्याचा त्याला वाचून दाखवला. गोंदियाकडे गेलेल्या आपल्या इकडच्या प्रतापगडच्या किल्ल्याचा दाखला मी पाहिला होता. 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' लिहिलं होतं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलाचा दोष नाही.'

तिथून पुढे वहीत 'गै' वाढत गेले. आंधळगावच्या वाटेवरच्या एका देवळाच्या कोरीव शिळा गुरांच्या गोठ्यात गव्हाण म्हणून लागल्या. एका घाटाच्या पायऱ्या रस्त्याच्या कामाला खडी म्हणून फुटल्या. चिखल्याकडे खाणीच्या साहेबाचा जुना बंगला होता, त्याच्या सागवानी चौकटी कुणी कधी नेल्या ते कळलंच नाही. प्रत्येक वेळी सर सोमवारी शाळेत येत आणि माझ्या टेबलाशी उभे राहून सांगत, "मॅडम, एक कमी झाला." जणू वर्गातलं मूल गेलं. पहिल्या एक-दोन वेळा आम्ही हळहळलो. पुढे त्यांना टेबलाकडे येताना पाहिलं की शिक्षक वह्या तपासायला घेऊ लागले. मीही घेतल्या आहेत.

आता त्या एका नावाकडे येते.

सरांचं गाव वैनगंगेच्या काठाला होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते आता दुसऱ्याच जागी आहे आणि त्याच्या मागे 'पुनर्वसन' शब्द लागला आहे. जुन्या गावात नदीच्या उंच दरडीवर बारा खांबांचा एक दगडी मंडप होता. भिंती नाहीत. वर सपाट शिळांचं छत. गावात त्याला 'थारा' म्हणत. कुणी बांधला, केव्हा बांधला, कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचा उपयोग एकच. मोठा पूर आला आणि खालच्या आळ्यांत पाणी शिरलं की सगळं गाव पोरंबाळं, शेळ्या, धानाची पोती घेऊन थाऱ्यात येऊन बसे. पाणी उतरलं की घरी जाई. मग पुढचा तसा पूर येईपर्यंत, दहा वर्षं म्हणा, पंधरा वर्षं म्हणा, तिथे कुणी फिरकत नसे. एरवी शेळ्यांच्या लेंड्या आणि वाळलेली पानं. मंडपाच्या नदीकडच्या, उतारात खोल गेलेल्या पहिल्या खांबावर छिन्नीने पाडलेल्या खाचा होत्या, एकेका पुराची पाण्याची रेघ. त्यातल्या अगदी खालच्या एका खाचेवर सर उकिडवे बसून अंगठा टेकवत, मग उठून हजेरी घेत. मी त्यांच्याबरोबर दोनदा तिथे गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी ते केलं. मी कारण विचारलं नाही. त्यांना इतक्या सवयी होत्या!

सरांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेतला होता. त्याआधी गावाच्या विहिरीपासून देवळापर्यंत कुठेही त्यांना मज्जाव होता. थारा एवढी एकच जागा. पुरात कोण कुणाजवळ बसलं हे बघायला कुणाला सवड नसे. सर म्हणत, "पाणी चढलं का सारं गाव एका सतरंजीवर. पाणी उतरलं का ज्याची त्याची जागा परत." हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नसे. ते पावसाचं मोजमाप सांगावं तसं सांगत.

वहीत थाऱ्यासमोर पहिल्यापासून एकच खूण होती, 'प'.

खालच्या अंगाला मोठं धरण झालं, पाणी मागे मागे चढू लागलं आणि गावाला उठायच्या नोटिसा आल्या. घरांचं, झाडांचं, विहिरींचं मोजमाप झालं. जी देवस्थानं पूजेत होती किंवा जी बांधकामं जुनी म्हणून महत्त्वाची ठरली, ती दगडांना नंबर घालून वरच्या जागी हलवायची, असंही ठरलं होतं. शेजारच्या गावातली दोन देवळं तशी हलली. मी ती पाहिली आहेत, नंबर अजून दिसतात. थारा त्या यादीत नव्हता.

त्या सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी शाळेत आला. मोजमापाच्या कचेरीत कारकून होता. पोरगा मनाने चांगला. शिक्षकांच्या खोलीत सर आणि मी दोघंच होतो; दार लावून घेऊन हळूच म्हणाला, "सर, माझं ऐका. एक गोटा ठेवा, शेंदूर फासा, दोन अगरबत्त्या लावा. मी देवस्थान म्हणून लिहून टाकतो."

सर म्हणाले, "शेंदूर? मी?"

"बरं, शेंदूर नका लावू. तुमच्या धम्मातली मूर्ती ठेवा. पंचशीलाचा झेंडा लावा. विहार म्हणून लिहितो. काही तरी असलं पाहिजे ना सर आत!"

"आत माणसं असतात बे."

"केव्हा?"

"पूर आल्यावर."

पोराने कपाळाला हात लावला. "सर, फॉर्ममध्ये असा रकानाच नाही!"

सर खुर्चीत ताठ बसले होते. "तू आठवीत असताना तुले रेघ शिकवली का नाही मी? रेघेच्या आत सारे. त्याले देऊळ केलं तर आमचे लोक भायेर. विहार केला तर पाटलाचे भायेर. एकाचं झालं का बाकीच्यानं पुरात कुठी जायचं?"

"आता पूर कायचा येते सर? आता पाणी कायमचंच येऊन राहिलं."

मुलगा त्यांच्या पाया पडला आणि गेला. आज मला वाटतं, त्या खोलीत त्या दिवशी व्यवहाराचं बोलणारा तो एकटाच होता.

मग सर माझ्याकडे आले. वरच्या कचेरीला अर्ज करायचा होता. "मराठीतला अर्ज तालुक्यातच मरते, मॅडम. इंग्रजीतला वर जाते. तुमी लिहून द्या." शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही कार्यालयातल्या टंकलेखन यंत्राशी बसलो. ठरलेला नमुना होता, चौकटींचा. सर एकेक मजकूर मराठीत सांगत, मी इंग्रजीत छापत होते. खांब बारा. लांबी, रुंदी, उंची, सगळं टेपने मोजलेलं. बांधणाऱ्याचं नाव माहीत नाही. मी म्हटलं, भोसल्यांच्या काळातलं असं घालू का, वजन येईल. म्हणाले, "माहीत नाही तर नाही घालायचं." आपलं नावही अर्जदार म्हणून खाली एकदाच आलं पाहिजे, गावाशी काय नातं ते लिहू नका, असं बजावलं.

शेवटची चौकट होती, सध्याची स्थिती. तिथे सूचना होती की उत्तर एका शब्दात लिहावं.

"पडीत," सर म्हणाले.

मी थांबले. आता हे नीट वाचा, कारण हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, तुमच्या आजोबांनाही त्यांच्या अखेरच्या वर्षापर्यंत नाही. पडीत शेताला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत होतं. फॅलो. मिशनच्या शाळेतच पाठ झालेला शब्द. पण मला वाटलं, हा शब्द शेताला लावतात, इमारतीला लावत नाहीत. वाचणारा साहेब हसेल. अर्ज करणाऱ्याने शब्द चुकीच्या जागी वापरला आहे आणि तो दुरुस्त करणं माझं काम आहे, असं मला वाटलं. नववीच्या निबंधात करते तसं. चौकट रिकामी तर ठेवता येत नव्हती. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. रिकामी चौकट मला बघवत नाही. मी इमारतीला लागणारा शब्द छापला. अबॅन्डन्ड.

सर वाकून बघत होते. त्यांना इंग्रजी अक्षरं लागत, शब्द लागत नसत. "पडीतले एवढा मोठा शब्द?"

"हो," मी म्हटलं. "इंग्रजीत मोठा होतो."

"होऊ द्या. मोठा बरा." त्यांनी सही केली. समाधानाने टेप गुंडाळला.

चार-पाच महिन्यांनी उत्तर आलं, इंग्रजीत. सर पाकीट न फोडता थेट माझ्याकडे घेऊन आले. मधल्या सुट्टीची वेळ होती, व्हरांड्यात मुलांचा कल्ला होता. मी पत्र उघडलं. चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा, की सदर बांधकाम टाकून दिलेलं आहे असं अर्जदाराने स्वतःच नमूद केलेलं असल्यामुळे ते हलवण्याचा विचार करता येत नाही.

अर्जदाराने स्वतःच.

"काय म्हणून राहिले?" सरांनी विचारलं.

"नाही म्हणतात, सर."

"काहून?"

मी पत्राची घडी घातली. "कारण दिलेलं नाही."

सर मुलांकडे वळले. एक मुलगा रांग मोडून नळाकडे घुसला, पण त्यांनी शिट्टी वाजवली नाही. मग म्हणाले, "तुमच्या इंग्रजीनं निदान वाचलं तरी त्याहिनं. नाही तर उत्तर कायले येते." आणि मला नमस्कार करून गेले.

त्या दिवशी मी सांगू शकले असते. वेळही होता. दुसरा अर्ज करता आला असता, 'लिहिताना चूक झाली' एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण त्यात चूक कुणाची हे आलं असतं. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. परीक्षा आल्या. पेपर तपासायला आले. मग पाणी आलं.

आजोबांना जेव्हा हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, एका शब्दाने काही होत नाही, त्यांना हलवायचंच नसेल. असेलही तसं. मला ते कधीच कळणार नाही, आणि नुसतं न कळणंही किती मोठी जागा अडवून बसतं ते तुम्हाला या वयात सांगून समजणार नाही.

गाव उठल्यानंतरच्या हिवाळ्यात सर मला म्हणाले, "मॅडम, रविवारी या. हजेरीले साक्षीदार पाहिजे." आम्ही नव्या वस्तीजवळच्या काठावर गेलो. जिथे शेतं होती तिथे पाणी होतं आणि पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे निघालेले होते. एक ढीवर, म्हणजे मासेमार, डोंगा घेऊन उभा होता, सरांच्या गावचाच. आम्ही बसलो. तो वाळलेल्या शेंड्यांवरून अंदाज घेत वल्हवत होता. "हे पाटलाच्या वाडीतलं मोहाचं झाड. इथून शंभर पावलं खाली. थांबा जी... हा. इथं असन."

सर डोंग्यात उभे राहिले. डोंगा कलला, मी काठ घट्ट धरला. त्यांनी हाक मारली, "थारा!"

त्यांनी दहापर्यंत मोजलं. मीही मोजत होते. पाण्यावर काहीच हललं नाही.

"कबूतर तरी कुठून येईन आता," ढीवर हळूच म्हणाला.

सरांनी टेपच्या टोकाला दगड बांधला आणि तो पाण्यात सोडला. टेप सरसर खाली गेला आणि एकदम थांबला. त्यांनी उचलून परत सोडला. पुन्हा तिथेच थांबला. दगडावर दगड लागल्याचा तो बारीक ठोका टेपमधून हाताला कळतो. त्यांनी टेप माझ्या हातात दिला, तेव्हा मलाही कळला.

"लागला," ते म्हणाले. चेहरा सगळा उजळला होता. "छत शाबूत आहे, मॅडम. उभा आहे तो." ते खाली बसले, मांडीवर वही घेतली आणि 'प' लिहिला. टोपण लावता लावता त्यांनी विचारलं, "त्या कागदात तुमी पडीतच लिहिलं होतं ना?"

त्यांनी संशयाने विचारलं नव्हतं. पोराच्या डब्यात पोळी घातली होती ना, असं विचारावं तसं विचारलं होतं.

"हो, सर," मी म्हटलं.

"मग बराबर आहे. सरकारात तशी नोंद झाली न, मग झालं. कधी ना कधी पाणी उतरते."

ढीवराने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही माहीत नव्हतं. तरी मी मान फिरवली.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी गेले. मी परगावी होते, तुमच्या मामाकडे. परत आल्यावर त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटायला नव्या वस्तीत गेले. एका मापाची घरं, एका मापाचे रस्ते. सरांना सरळ रेघा आवडत, पण ही वस्ती त्यांना आवडली नव्हती. "इथं हजेरी कोणाची घेऊ, सारेच नवीन भरती," म्हणाले होते.

बहिणीने चहा केला. वही आणि टेप ओट्यावर काढून ठेवलेले होते. "तुमाले द्या म्हणून सांगून गेला," ती म्हणाली. मग वहीवरून हात फिरवत म्हणाली, "तो तिथलाच ना, बाई. थाऱ्यातला."

"तुमच्या गावचे, हो."

"गावचा नाही म्हणत. थाऱ्यातच झालता तो. तुमाले सांगतलं नाही त्यानं?"

तिने जे सांगितलं ते असं. ती तेव्हा सात-आठ वर्षांची होती. भर दुपारी आभाळ काळंठिक्कर झालेलं, सगळं गाव थाऱ्यात, आणि आईला कळा सुरू झाल्या. मंडपाला भिंती नाहीत. तेव्हा मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, सून उठली आणि आपल्या लुगड्याचा पदर पसरून आडोसा धरून उभी राहिली. पोर झालं ते तिनेच त्या पदरात घेतलं. पाणी पहिल्या खांबाला ज्या उंचीवर लागलं होतं, तिथे मागाहून खाच पाडली, ती अगदी खालची.

"आणि पाणी उतरल्यावर?" मी विचारलं.

"पाणी उतरल्यावर तेच लुगडं तिनं नदीत सोडून देल्लं, माय. विटाळ झालता न." ती जराशी हसली. "पण तो म्हणे, धरलं तर होतं. एक डाव तर धरलं होतं न तिनं. तेवढंच धरून बसे." मग माझ्या कपात आणखी चहा ओतत म्हणाली, "तुमचं लय नाव घे. मॅडमनं सरकारात इंग्रजीत पडीत लिहून देल्लं आहे, कोणी हात नाही लावणार म्हणे."

मी चहा प्यायले. वही आणि टेप घेऊन घरी आले.

मागच्या वर्षी मी त्याच ढीवराला शोधून पुन्हा एकदा डोंग्यातून गेले. मोहाचं झाड आता पाण्यावर दिसत नाही. त्याने अंदाजाने तीन-चार ठिकाणी डोंगा थांबवला. मी टेपला दगड बांधून सोडला. सगळीकडे तो सावकाश थांबला, मऊ जागेत रुतावा तसा. ठोका कुठेच लागला नाही. ढीवर म्हणाला, "गाळ बसला असन, बाई. नाहीतर पडलं असन. नाहीतर मीच जागा चुकलो असन."

वहीतली बाकीची नावं मी चालवली नाहीत. माझे गुडघे सायकलचे नाहीत. पण रविवारी सकाळी मी वही काढते, पुसते आणि थाऱ्याची ओळ उघडते. सरांच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथे 'प' आहे, एकही खाडा नाही. त्यापुढे महिन्याच्या कोऱ्या चौकटी आहेत.

'ह' लिहावा असं काही माझ्या हाताला लागलेलं नाही. 'प' लिहायला त्यांच्याइतका विश्वास लागतो. आणि तिसरा शेरा, 'गै', मी एकदा इंग्रजीत लिहून बसले आहे.

त्या चौकटी मी रिकाम्या ठेवते.